टेन्शन, विश्वास आणि प्रार्थना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न लोकांनी खरोखर विचारलेले आहेत, फक्त ओळख पटेल असं सगळं काढलंय आणि सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत. वरून खालपर्यंत वाचायलाच पाहिजे असं काही नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. मात्र जगणंच नको झालंय असे विचार मनात येत असतील तर बाकी सगळं राहू द्या, आधी प्रश्न १८ वाचा.

१. मला इतकं टेन्शन येतं म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याला कोणीतरी हे आधीच ऐकवलेलं असतं, की खरा विश्वास असता तर तू असा घाबरला नसतास. असं म्हणणाऱ्यांनी गेथशेमानेचा, म्हणजे येशूला अटक झाली त्या रात्रीचा बागेतला प्रसंग परत वाचावा. प्रभू येशू पेत्र, याकोब आणि योहानाला बरोबर घेऊन गेला आणि त्यांना सरळ म्हणाला की माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, इथं थांबा आणि जागे राहा (मार्क १४). लूक तर लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. आता तिथं विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

प्रेषित पौलाचंही तसंच, २ करिंथच्या पहिल्याच अध्यायात तो लिहितो की आमच्यावर इतका भार आला की जगण्याची आशाच सोडली होती. ताण येणं हे शरीराचं आणि मनाचं काम आहे, धोका दिसला की छाती धडधडणारच. विश्वासाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, ते धडधडणारं मन घेऊन तुम्ही कुठं जाता हा.

२. प्रार्थना नेमकी करायची कशी? मला तर शब्दच सुचत नाहीत.

शिष्यांनीही हेच विचारलं होतं, प्रभू आम्हाला प्रार्थना करायला शिकवा (लूक ११), तेव्हा लाजायचं कारण नाही. त्यावर येशूने जी प्रार्थना दिली ती अर्ध्या मिनिटात म्हणून होते. तिच्यात देवाचं नाव आहे, त्याची इच्छा आहे, आजची भाकर आहे, क्षमा आहे आणि वाइटापासून सुटका आहे. काहीच सुचत नसेल तर ती म्हणा, हळू म्हणा, एका ओळीवर अडकलात तर तिथंच थांबा.

स्वतःच्या शब्दांत बोलायचं असेल तर एक जुनी गोष्ट सांगतो. हिज्कीया राजाला अश्शूरच्या सन्हेरीबाकडून धमकीचं पत्र आलं, तर तो ते पत्र घेऊन मंदिरात गेला आणि परमेश्वरासमोर उघडून पसरलं (२ राजे १९), आणि मग बोलायला लागला. हे मला फार आवडतं. तुम्हीही तेच करा. जी नोटीस आली असेल, जो रिपोर्ट आला असेल, बॉसचा जो मेल वाचून पोटात गोळा आलाय तो समोर ठेवा आणि म्हणा, प्रभू, हे बघ, हे असं आहे. मोठमोठे शब्द लागत नाहीत. येशूनेच सांगितलंय की पुष्कळ बोललं म्हणजे ऐकलं जाईल असं समजू नका, तुम्हाला काय पाहिजे ते मागायच्या आधीच बापाला माहीत आहे.

आणि शब्द अजिबातच फुटत नसतील, नुसतं रडू येत असेल तर तेही चालतं. रोमकरांस ८:२६ मध्ये पौल म्हणतो की आम्हाला काय मागावं ते कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच आमच्यासाठी विनंती करतो.

३. मी ख्रिस्ती नाही / चर्चला जात नाही, पण खूप दडपणात आहे. मी येशूकडे प्रार्थना केली तर चालेल का?

चालेल. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो" ही हाक (मत्तय ११:२८) मारताना त्याने आधी कोणाचं सर्टिफिकेट तपासलं नव्हतं. रोमी शताधिपती, कनानी बाई, शोमरोनी माणूस, हे सगळे बाहेरचेच होते आणि त्यांचं ऐकलं गेलं. पुढे कुठं जायचं, काय मानायचं हे सगळं नंतर सावकाश बघता येईल, त्यासाठी कोणी घाई करत असेल किंवा तुमच्या अडचणीचा फायदा घेऊन काही वदवून घेत असेल तर तिथून खुशाल उठून या.

४. सकाळी उठल्यापासून पळापळ, वेळ कुठून आणू?

नहेम्या हा पारसच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे राजाला प्याला नेऊन देणारा सेवक होता. राजाने विचारलं तुला काय पाहिजे, आणि राजाला उत्तर द्यायच्या आधी त्या मधल्या क्षणात त्याने स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४). किती सेकंद मिळाले असतील? तेवढीही प्रार्थनाच असते. लिफ्टमध्ये, मीटिंगच्या आधी, बाळाला थोपटताना, भांडी घासताना "प्रभू, मदत कर" एवढं म्हणता येतं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये तर शतकानुशतकं एकच लहान प्रार्थना श्वासाबरोबर म्हणायची पद्धत आहे, "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर."

पण हेही सांगतो, फक्त येताजाता केलेल्या प्रार्थनेवर फार काळ निघत नाही असं माझं मत आहे. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा आणि तो राज्याचा मोठा अधिकारी होता, रिकामटेकडा नव्हता. दिवसात एक जागा आणि एक वेळ ठरवा, दहा मिनिटं का होईना, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहाटेच उठलं पाहिजे असा काही नियम नाही, लहान मुलं असलेल्या आईला पहाटेची झोप ही देवाचीच देणगी आहे.

५. प्रार्थनेला बसलो की डोक्यात तेच टेन्शन फिरत राहतं. याला प्रार्थना म्हणायचं का?

जे डोक्यात फिरतंय तेच प्रार्थनेत घ्या. बहुतेक लोक करतात काय, की कामाची चिंता बाजूला ढकलून काहीतरी आत्मिक विचार करायला बघतात आणि मग त्या ढकलाढकलीतच वेळ जातो. त्यापेक्षा कागद घ्या, डोक्यात येईल ते एकेक लिहा, फी भरायची आहे, आईचं ऑपरेशन, त्या माणसाने सगळ्यांसमोर केलेला अपमान, आणि प्रत्येकापुढे एक वाक्य देवाशी बोला. पेत्र म्हणतो तुमची सगळी चिंता त्याच्यावर टाका (१ पेत्र ५:७), आणि टाकायची तर आधी ती हातात धरावी लागते.

लिहून झाल्यावर बघा त्यातलं कशावर आज काही करता येण्यासारखं आहे. एक फोन करायचा असेल तर आमेन म्हटल्यावर तो फोन करा. उरलेल्यासाठी स्तोत्र २३ किंवा १२१ मोठ्याने वाचा. मनात वाचलं की परत भरकटतं.

६. मला देवाचाच राग आलाय. असं त्याला सांगणं पाप आहे का?

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली एक तृतीयांशाच्या आसपास तक्रारीची, रडण्याची, "का?" विचारणारी आहेत. स्तोत्र १३ मध्ये सुरुवातीलाच चार वेळा "कोठवर?" असं विचारलंय. स्तोत्र ४४ तर देवाला म्हणतं, जागा हो, का झोपलास! हे सगळं उपासनेत म्हटलं जायचं, कोणी कापून टाकलं नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये मात्र आपण बहुतेक गोड स्तोत्रं निवडतो आणि मग दुःखात असलेल्या माणसाला वाटतं की माझ्या भावनेला इथं जागाच नाही.

सगळं गमावून बसलेला ईयोब देवाशी भांडला, अगदी खटला भरल्यासारखं बोलला. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन शुद्ध शुद्ध बोलत होते. शेवटी देव कोणावर रागावला? मित्रांवर (ईयोब ४२:७). तेव्हा राग आलाय तर देवाला सांगा. रागाने त्याच्याशी बोलणं बंद करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. आणि राग निवळायची घाई करू नका, स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटी हालेलूया वगैरे काही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

७. "उद्याची चिंता करू नका" असं लिहिलंय मग सेव्हिंग, इन्शुरन्स, प्लॅनिंग करणं म्हणजे अविश्वास का?

मत्तय ६ मध्ये येशू काळजीने पोखरण्याबद्दल बोलतोय, काळजी करून कोणाचं आयुष्य हातभर तरी वाढतं का असं विचारतोय. हिशेब करू नका असं तो म्हणत नाही, उलट बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा हे त्याचंच उदाहरण आहे (लूक १४:२८). योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवलं म्हणून दुष्काळात मिसर वाचला. वरती ज्या हिज्कीयाचं सांगितलं त्याने नुसती प्रार्थना केली नाही, शहरात पाणी आणायला कालवाही काढला (२ राजे २०:२०).

फरक ओळखायची माझी साधी पद्धत अशी, की प्लॅनिंग कधीतरी संपतं, कागद मिटता येतो. चिंता संपतच नाही, रात्री दोनला तीच बेरीज परत परत चालू असते. कर्जाचा प्रश्न असेल तर प्रार्थना कराच पण सगळी कर्जं एका कागदावर मांडून घरच्यांपैकी कोणाला तरी दाखवाही, लपवलेलं कर्ज हे माणसाला आतून खातं आणि त्यावर नुसत्या उपवासाने मार्ग निघालेला मी तरी पाहिलेला नाही.

८. रात्री झोपच लागत नाही, तेव्हा काय प्रार्थना करू?

लहान आणि तीच तीच. रात्र ही मोठ्या निर्णयांची वेळ नाही. स्तोत्र ४:८ पाठ करा, "मी स्वस्थपणे अंग टाकतो आणि लगेच झोपी जातो" असं आहे ते, किंवा स्तोत्र १२१ मधलं इस्राएलाचा रक्षक झोपत नाही की डुलकी घेत नाही. तो जागा आहे, मग दोघांनी जागायची गरज नाही!

झोपायच्या आधी दिवस मागे वळून बघायची पद्धतही चांगली आहे, सोळाव्या शतकात इग्नाशियस लोयोलाने ती शिकवली आणि जेझुइट लोक अजून करतात. आज कशासाठी आभार, कुठं चुकलो, उद्यासाठी काय मदत हवी, एवढंच, पाच-दहा मिनिटं. अर्धा तास झाला तरी झोप नाही तर उठून बसा, स्क्रीन मात्र नको. आणि बरेच आठवडे असंच चालू असेल तर डॉक्टरला दाखवा, त्याबद्दल १४ मध्ये लिहिलंय.

९. इतके महिने प्रार्थना करतोय, काहीच बदललं नाही. देव ऐकतोय का?

याचं सोपं उत्तर देणाऱ्यांपासून जरा सावध राहा. "तुझ्यात काहीतरी पाप असेल", "तू शंभर टक्के विश्वास ठेवला नाहीस" ही तयार उत्तरं आहेत. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर आलं (२ करिंथ १२). पौलाचा विश्वास कमी होता? गेथशेमानेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं आणि प्याला टळला नाही.

दुसरीकडे येशूनेच विधवेचा दाखला दिला, ती न्यायाधीशाकडे हेलपाटे घालत राहिली, आणि तो दाखला दिला कशासाठी तर सर्वदा प्रार्थना करावी आणि खचू नये म्हणून (लूक १८:१). म्हणजे मागत राहणं चूक नाही आणि न मिळणं ही शिक्षा नाही. हे दोन्ही एकत्र धरणं अवघड आहे, मलाही ते दरवेळी जमतं असं नाही.

हन्नेची गोष्ट वाचा. ती मुलासाठी रडून प्रार्थना करत होती, इतकी की एली याजकाला वाटलं ही प्यालेली आहे. नंतर ती उठली, जेवली, आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही (१ शमुवेल १:१८). लक्षात घ्या, तेव्हा अजून काहीच मिळालेलं नव्हतं. कधीकधी परिस्थितीच्या आधी माणूस हलका होतो. पण नाही झाला तर खोटं हसू आणू नका.

१०. प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, सगळं कोरडं वाटतं.

मदर तेरेसांची पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा लोकांना धक्का बसला, कारण कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती असं त्यात होतं. तरी त्या रोज प्रार्थनेला बसत होत्या आणि काम चालू होतं. भावना येतात जातात, जेवण बेचव लागलं तरी पोषण होतंच.

पण कोरडेपणा फक्त प्रार्थनेतच आहे की सगळ्यातच, हे तपासा. आवडीचं गाणं, मित्र, मुलांचं हसणं, जेवण, कशातच रस वाटत नाही असं असेल तर तो आत्मिक विषय नसून डिप्रेशन असू शकतं. १४ वाचा.

११. हे सगळं माझ्या पापाची शिक्षा तर नाही ना?

शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली तेव्हा लोकांना हेच वाटलं, आणि येशूने विचारलं, ते बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? नाही म्हणून सांगतो (लूक १३). जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, तर तो म्हणाला दोघांचंही नाही (योहान ९).

आता कर्माचे परिणाम असतात हे खरं, खोटं बोलून नोकरी गेली तर त्याचं दडपण येणारच. तिथं कबूल करा, क्षमा मागा, भरपाई करता येईल तेवढी करा आणि विषय बंद करा. क्षमा झालेल्या पापाची फाइल देव परत उघडत नाही, ती आपणच उघडत बसतो. पण आजारपण, मूल न होणं, अपघात, कंपनी बंद पडणं यामागे पाप शोधत फिरू नका, आणि कोणी तुमच्यासाठी शोधून देत असेल तर त्याला नम्रपणे नको म्हणा.

१२. "देव आपल्याला झेपेल तेवढंच देतो" हे बायबलमध्ये आहे ना?

त्या अर्थाने नाही. लोक १ करिंथ १०:१३ दाखवतात, पण तो अख्खा अध्याय मूर्तिपूजा, जारकर्म, कुरकुर अशा मोहांबद्दल आहे, आणि तिथं वचन आहे की मोहात पडताना बाहेर निघायची वाट देव ठेवतो. आजारपण, मरण, कर्ज यांचं वजन मोजून देतो असं तिथं लिहिलेलं नाही. प्रश्न १ मध्ये पौलाचं जे वाक्य दिलं त्यात तर तो सरळ म्हणतो की भार आमच्या शक्तीपलीकडचा होता. आणि पुढे म्हणतो, हे यासाठी की आम्ही स्वतःवर नाही तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा.

तेव्हा झेपत नाहीये असं वाटत असेल तर कदाचित खरंच झेपत नाहीये. मदत मागा. हे वाक्य शोकातल्या घरी जाऊन तर अजिबातच बोलू नका.

१३. उपवास केला, काही अर्पण करायचं कबूल केलं तर लवकर उत्तर मिळतं का?

उपवास देवाचा हात पिरगाळायला नसतो. तो आपल्यासाठी आहे, भूक लागली की प्रार्थनेची आठवण होते. डायबेटीस असेल, गरोदर असाल, गोळ्या चालू असतील, खाण्यापिण्याचा काही आजार होऊन गेला असेल तर जेवण सोडू नका, त्याऐवजी मोबाइल किंवा टीव्ही सोडा.

सौदा तर नकोच. इफ्ताहाने घाईत नवस केला आणि पोटच्या मुलीवर आलं (शास्ते ११). आणि इतकं अर्पण दे म्हणजे इतकं मिळेल असं जो कोणी स्टेजवरून सांगतो त्याला पैसे देऊ नका, विशेषतः कर्ज काढून तर नाहीच.

१४. डॉक्टरने ॲन्झायटीच्या गोळ्या दिल्यात. घेतल्या तर देवावर भरवसा नाही असं होईल का?

गोळ्या घ्या. हा माझा मुद्दा मी कोणाच्या नाराजीसाठीही मवाळ करणार नाही. चष्मा लावताना, इन्सुलिन घेताना आपण हा प्रश्न विचारत नाही, मेंदूसाठीच का विचारतो? पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). आपला तरुण सोबती तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने त्या काळचा उपाय सांगितला, थोडा द्राक्षारस घे, नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नाही. त्रफिम या दुसऱ्या सोबत्याला तर तो मिलेत गावात आजारी ठेवून पुढे गेला. एकोणिसाव्या शतकातला लंडनचा चार्ल्स स्पर्जन, हजारो लोक ज्याचं प्रवचन ऐकायला यायचे, त्याला आयुष्यभर नैराश्याचे झटके यायचे आणि तो त्याबद्दल व्यासपीठावरून उघड बोलायचा.

दोन गोष्टी सांभाळा. चांगलं वाटायला लागलं, कोणी हात ठेवून प्रार्थना केली आणि मन हलकं झालं म्हणून गोळ्या आपणहून बंद करू नका, काही औषधं अचानक थांबवली तर त्रास होतो, कमी करायची तर डॉक्टरला विचारून. आणि दुसरं, काउन्सेलर ख्रिस्तीच असला पाहिजे असं नाही, शिकलेला आणि लायसन्स असलेला असावा, तुमच्या श्रद्धेची टर न उडवणारा असला म्हणजे पुरे. पास्टरशी बोलणं आणि काउन्सेलिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही चालू ठेवता येतात.

१५. मंडळीत सांगितलं की सगळीकडे होतं. प्रेअर रिक्वेस्ट द्यावी की नाही?

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. एकमेकांची ओझी वाहा (गलती ६:२) हे वचन आहे आणि प्रार्थनेच्या नावाखाली गॉसिप होतं हेही आपण सगळ्यांनी बघितलंय. सगळ्यांना सगळं सांगायचं नसतं. येशूनेही बारा जणांतल्या तिघांनाच आत नेलं.

एक किंवा दोन माणसं निवडा ज्यांच्याकडून दुसऱ्याची गोष्ट तुम्ही कधी ऐकलेली नाही, हीच त्यांची परीक्षा. सांगताना स्पष्ट म्हणा की हे इथंच राहू दे. ग्रुपवर टाकायचं असेल तर "घरातल्या एका अडचणीसाठी प्रार्थना करा" इतकंच टाका, देवाला तपशील माहीत आहे. कॅथलिक असाल तर पापनिवेदनात फादरना सांगितलेलं बाहेर जात नाही, तो त्यांच्यावर कडक नियम आहे.

१६. मला टेन्शन चर्चच्या कामाचंच आहे! नाही म्हणायला गिल्टी वाटतं.

क्वायर, संडे स्कूल, युवा संघ, कमिटी, आणि घरी आल्यावर चिडचिड, हे फार घरांत चालू आहे आणि कोणी बोलत नाही. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे वाद सोडवत बसायचा, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो म्हणाला, हे जे तू करतोस ते बरं नाही, तू झिजून जाशील आणि हे लोकही (निर्गम १८). मग हजार, शंभर, पन्नास, दहा लोकांवर माणसं नेमून काम वाटलं. शिष्यांना जेवायलाही फुरसत नव्हती तेव्हा येशू म्हणाला, चला, जरा एकांतात विसावा घ्या (मार्क ६:३१). सगळे तुला शोधतायत असं शिष्य सांगत आले तरी तो दुसऱ्या गावी निघून गेला (मार्क १). सगळ्यांची मागणी पुरवणं म्हणजे आज्ञापालन नव्हे.

एक जबाबदारी सोडा, आधी महिनाभर सांगून, भांडण न करता. तुमच्याशिवाय बंद पडलं तर पडू द्या.

१७. घरात मारहाण होते, पण मंडळीतले सांगतात क्षमा कर, सहन कर, प्रार्थना कर. काय करू?

आधी सुरक्षित जागी जा. प्रार्थना तिथूनही ऐकली जाते. शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद खिडकीतून उतरून पळाला, पौलाला टोपलीत बसवून दिमिष्काच्या भिंतीवरून खाली सोडलं, आणि येशूने शिष्यांना सांगितलं की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. यातलं कोणीही "सहन करा" म्हणून मार खात बसलं नाही.

क्षमेचं म्हणाल तर दावीदाकडेच बघा. त्याला शौलाला मारायची संधी दोनदा मिळाली, त्याने सूड घेतला नाही. शौल म्हणाला, बाळा, परत ये, मी तुझं वाईट करणार नाही. दावीद त्याच्याबरोबर गेला नाही, आपल्या वाटेने गेला (१ शमुवेल २६). क्षमा करणं आणि परत त्याच घरात जाऊन राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पोलीस, वकील, महिलांसाठी किंवा मुलांसाठी काम करणारी संस्था यांची मदत घेण्यात साक्ष बिघडत नाही. तुम्हाला परत पाठवणारा पाळक असेल तर दुसऱ्या कोणाकडे जा.

१८. जगायचंच नको वाटतं. असं देवाला सांगितलं तर तो मला टाकून देईल का?

नाही टाकणार. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं परमेश्वरा, माझा जीव घे (१ राजे १९). मोशे, योना, यिर्मया, ईयोब यांनीही असंच काही म्हटलंय. देवाने एलीयाला झापलं नाही, उपदेशही केला नाही. त्याला झोपू दिलं, दूताने उठवलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, कारण वाट तुला फार आहे म्हणाला. बोलणं नंतर झालं, आणि मग सोबतीला अलीशा हा माणूस दिला.

आत्ता हे वाचताना असे विचार चालू असतील तर एकटे राहू नका. आत्ताच कोणाला तरी फोन करा आणि फिरवून न बोलता सांगा की मला जीव द्यावासा वाटतोय, तू ये. तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला किंवा इमर्जन्सी नंबरला फोन करा नाहीतर जवळच्या हॉस्पिटलात जा. गोळ्यांचा साठा किंवा जे काही हाताशी असेल ते दुसऱ्याकडे देऊन टाका. प्रार्थना सोबतीला कोणी आल्यावर करा, तोपर्यंत "प्रभू, मला धर" एवढं पुरे.

१९. माझा मित्र खूप ताणात आहे, त्याला कोणतं वचन पाठवू?

आधी वचन पाठवू नका. ईयोबाचे मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३), त्यांचं तेवढंच बरोबर होतं, बिघडलं ते तोंड उघडल्यावर. "सर्व गोष्टी मिळून कल्याणकारी होतात" हे खरं असलं तरी ते दुसऱ्याच्या दुःखावर आपण चिकटवायचं वाक्य नाही.

जेवण पोचवा, मुलांना दोन तास सांभाळा, डॉक्टरकडे बरोबर जा. "मी प्रार्थना करतोय" असं लिहायचं असेल तर आधी खरोखर करा मग लिहा. मित्राचं बोलणं १८ सारखं वाटलं तर स्पष्ट विचारा, जीव द्यायचे विचार येतायत का, विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवीन काही घातलं जात नाही.

२०. प्रार्थना केली की बरं वाटतं, पण तीन-चार दिवसांनी परत तेच. मग उपयोग काय?

रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं रोजचं अन्न, मिळायचा तो त्या दिवसापुरता. साठवून ठेवला की किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट मिळायचा (निर्गम १६). प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर रोजची मागितलीय, महिन्याची नाही. म्हणजे परत परत यावं लागणं हा बिघाड नाही, तशीच ती रचना आहे.

फक्त एवढं बघा की परत येतंय ते तेवढंच आहे की वाढत चाललंय. तेवढंच असेल तर रोजची ठरलेली वेळ धरून ठेवा (४ बघा) आणि कारण सुटण्यासारखं असेल तर ते सोडवायला हात घाला. दोन आठवड्यांहून जास्त दिवस वाढतच असेल, कामावर जाणं किंवा जेवण-झोप बिघडली असेल तर थांबू नका, १४ वाचा आणि अपॉइंटमेंट घ्या.